भागूआत्याचे रोडगे

चंपाषष्ठीच्या दिवशी शिनोलीतल्या त्या भावकीत दोनच माणसांचा शब्द चाले. देवघरात सावळेरामकाकांचा आणि अंगणातल्या गोवऱ्यांच्या आरापुढे त्यांच्या बहिणीचा, भागूआत्याचा. एरवी वर्षभर आत्याला कोणी काही विचारत नसे. ऐन तरण्या वयात नवरा गेला आणि ती डिंभ्याहून माहेरी परत आली, तेव्हापासून भावांच्या घरात राबत राहिली. लग्नाकार्यात तिला कोणी ओटी भरायला पुढे बोलावलं नाही. पण खंडोबाच्या नैवेद्याचे रोडगे भाजायचे ते तिनंच. त्या दिवशी ती जुनेरं असलं तरी धुवून नेसायची आणि गोवऱ्यांच्या धगीपुढे अशी ऐसपैस बसायची की बापई माणसंही वळसा घालून जायची.

थोरल्या भावाची बायको बाळंतपणात गेली आणि तिची वैजयंती आत्याच्याच मांडीवर वाढली. आई म्हणजे काय, हे तिला आत्यावरूनच कळलं. रोडगेही ती आत्याजवळ बसूनच शिकली. गहू जात्यावर जाडसर भरडायचे, त्यात मूठभर ज्वारी, ओवा, मीठ आणि कडकडीत तेल. पीठ घट्ट मळून गोळे वळायचे, पळसाच्या पानांत गुंडाळायचे. गोवऱ्या जळून लाल आर पडला की त्यात गोळे पुरून वर राख ओढायची. खरी मेख पुढेच. नैवेद्याचा रोडगा देवापुढे जाईपर्यंत मोडून बघायचा नाही, की चाखायचा नाही. मग आतून भाजला हे कळावं कसं? आत्या एकेक बाहेर ओढून बोटाच्या पेरानं ठोकायची. आवाज बद्द आला की पुन्हा राखेत.

वैजयंतीला मंचरात दिलं. तिथं गॅस आला, गॅसचा तंदूर आला. त्यात ती आत्याच्याच पद्धतीचं पीठ भिजवून रोडगे करी, सुई टोचून बघे, आणि आळीतल्या बायका वाहवा करत. सासूबाई, लंकाबाई, चारचौघींत सांगायच्या, "आमच्या सुनेसारखा रोडगा उभ्या तालुक्यात न्हाई." ऐकून ऐकून वैजयंतीलाही ते खरं वाटायला लागलं.

एका साली सासूबाई सुनेच्या माहेरचा नैवेद्य बघायला म्हणून जीप करून शिनोलीला आल्या. वैजयंतीनं पदर खोचला आणि आत्याच्या शेजारी आरापुढं बसली. देवघरात तळी उचलायला मंडळी जमली होती. जीपवाल्याला दुसरं भाडं होतं, तो वेशीवरून हॉर्न वाजवत होता.

वैजयंतीनं एक रोडगा ओढला. आत्यानं ठोकला.

"बद्द वाजतोय. ठिव."

"अगं, वरून बघ कसा खरपूस झालाय."

"वरनं काय बघायचंय? ठिव म्हंते ना."

मागून सासूबाई हसल्या. "अगं बया, आमच्याकडं तर घड्याळ लावून भाजती ही. हितं काय दिसभर बसायचं का काय?"

वैजयंतीच्या कानशिलाला आर लागावा तसं झालं. ती सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आत्या, तुला आता धड ऐकू तरी येतंय का? दरसाली आपलं ठिव, ठिव. गप बस जरा. पावणी खोळंबलीत."

आत्यानं हात मागं घेतला. वैजयंतीनं सगळे रोडगे बाहेर काढले, फडक्यानं राख झटकली आणि ताट भरून देवघरात पाठवलं.

भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला, येळकोट झाला, भंडारा उधळला. मग प्रसादासाठी सावळेरामकाकांनी रोडगा मोडला. तो मोडलाच नाही. ताणला गेला. आतून पांढरं चिकट पीठ त्यांच्या बोटांना लोंबलं. दुसरा घेतला, तोही तसाच. देवापुढं कच्चं अन्न गेलं होतं.

"कुणी काढले हे?" काकांनी विचारलं.

वैजयंती दारातच उभी होती. सासूबाई तिच्या शेजारी. तिनं सासूबाईंकडं बघितलं. 'मी' एवढंच म्हणायचं होतं.

"म्या काढाया सांगितले, दादा," भागूआत्या मागून म्हणाली. "माझाच अंदाज चुकला." आणि गुडघ्यावर हात टेकत ती पुढं आली, देवापुढं पदर पसरून बसली. "देवा मल्हारी, माझ्या हातनं चुकलं. पोटात घे."

काका नरमले. "भागे, वय झालं तुझं. फुडल्या साली आरापुढं बसू नगंस. वैजे, तू येत जा गं."

सासूबाईंनी सुनेला कोपरानं ढोसलं, "बघ, मान मिळाला." आणि वैजयंतीनं होकाराची मान हलवली. नुसती गप्प राहिली असती तरी एक वेळ चाललं असतं. तिनं मान हलवली.

त्यानंतर दर रविवारी देवाला भंडारा वाहताना तिचा हात आखडायचा. दिवाळीला माहेरी गेली तर आत्यानं तिच्या डोक्याला तेल लावलं, पाठीवर उटणं चोळलं, आणि त्या गोष्टीचं नावही काढलं नाही. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वैजयंतीला न्हाणीत बसल्या बसल्या वाटलं.

पुढल्या चंपाषष्ठीला ती गेली तेव्हा आत्या आत चुलीवर वांगी भाजत होती. अंगणात गोवऱ्या रचून तयार होत्या. चुलत्या, भावजया आणि ओसरीवर काका वैजयंतीची वाट बघत होते. ती गोवऱ्यांपुढं बसली, काडी ओढली आणि विझवली.

"काका, गेल्या साली आत्या ठिव म्हणत व्हती. मीच ऐकलं न्हाई. मीच काढले."

काका तिच्याकडं वळले. "मग तवा काय दातखिळी बसली व्हती?"

एक भावजय फिसकन हसली. काकांनी आत हाक मारली, "भागे, भाईर ये."

आत्या आली. काय झालं ते भावजयीनं तिला कानाशी सांगितलं. आत्या खूश होईल, डोळ्यांत पाणी येईल, असं वैजयंतीला वाटलं होतं. आत्याचा चेहरा रापलेल्या तव्यासारखा झाला.

"ऊठ तितनं," ती म्हणाली.

वैजयंती उठली. आत्या त्या जागेवर टेकली, गोवऱ्या पुन्हा आपल्या हातानं रचल्या, पेटवल्या. रोडगे पुरले, ओढले, ठोकले. तोवर जीपवाले, पाहुणे, देवघरातली माणसं सगळी थांबली. त्या दिवशी काकांच्या हातात रोडगा खुसखुशीत मोडला. सगळ्यांच्या पानात वाढला गेला.

जेवणं उरकल्यावर वैजयंती आत्याच्या पाया पडायला वाकली. आत्यानं पाय मागं ओढले.

"माझ्या नगं. म्या देवाम्होरं पदर पसरून खोटं बोलले, तुझ्यापायी. ते तुझं-माझं आन् देवाचं व्हतं. आज चारचौघांत मला लबाड करून ठिवलंस. जा, आधी त्याच्या पड."

वैजयंती देवघरात गेली. मंडळी बाहेर सुपारी कातरत बसली होती, आत कोणी नव्हतं. देवाच्या टाकांवर हळद सांडली होती. तिनं जमिनीला डोकं टेकवलं. काय मागावं ते तिला सुचेना, आणि मान वर करून देवाकडं बघायचं तिला धाडस होईना.