दार वाजवायचं नाही

आमच्या वस्तीत कुणी कुणाचं दार वाजवत नाही. बाहेर उभं राहून नावाने हाक मारायची, ही रीत. दार वाजवतो तो परका, आणि परका म्हणजे पोलीस किंवा त्याहून वाईट. शेजारच्या एउलालियाने ही रीत लेकीला, नायेलीला, नीट बोलता यायच्या आधीच शिकवली होती.

एउलालिया ग्वातेमालाच्या डोंगरातून इकडे अमेरिकेत, आर्कान्सात आली ती कागदपत्रांशिवाय, पोटुशी. पोर इथे जन्मली म्हणून इथली झाली. आई अजून कुठलीच नाही. कोंबड्यांच्या कारखान्यात माझ्या शेजारी उभी राहून ती पंख कापते. मला म्हणायची, "माझं नाव कुठेच नाही, चायो, म्हातारपण मला शोधणार कसं?"

मग नायेलीला कॉलेजात प्रवेश मिळाला. सरकारी मदतीशिवाय शिकणं शक्य नव्हतं, आणि मदतीच्या अर्जात आईचं नाव-पत्ता लिहावा लागणार होता.

"शाळेतल्या बाई म्हणाल्या, ही माहिती दुसऱ्या कशालाही वापरत नाहीत. तसा कायदा आहे," नायेली म्हणाली.

"आजचा आहे गं," मी बोलून गेले. "उद्याचा कुणी पाहिलाय?"

"मग नाहीच करत अर्ज! आईशेजारी पंख कापीन."

एउलालियाने उजवा हात तिच्यापुढे धरला. बोटं मिटत नव्हती. "असा हात हवाय तुला? मुकाट्याने भर."

"आणि ते तुला न्यायला आले तर?"

"आले तर तमालेस वाढीन. भर म्हणते ना!"

नाव आणि पत्ता तिने स्वतः सांगितला, आवाज जराही न हलू देता. मदत मंजूर झाली, पोर गेली.

त्यानंतर एउलालियाची थट्टा आटली. झोपताना ती बूट पलंगाशी ठेवू लागली. फाटकाशी गाडी हळू झाली की बोलता बोलता थांबायची. कोपऱ्यावर एक पांढरी गाडी उभी राहू लागली होती. कुणाची, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारायला जाणार कोण? मला त्या गाडीची भीती वाटायची, आणि त्या अर्जाचा संताप यायचा.

नोव्हेंबरच्या सुट्टीत नायेली न कळवता आली. मी पायरीवर घेवडा सोलत होते. मला हात करून ती बॅग घेऊन आईच्या पायऱ्या चढली आणि तिने दार वाजवलं. वसतिगृहात सगळे तसंच करतात. मी ओरडले, पण उशीर झाला होता.

आतला रेडिओ बंद झाला. बराच वेळ काही हललं नाही.

मग दार उघडलं. चर्चला जायचा कोट, पायात बूट, हातात बांधलेली पिशवी, नजर खाली. घोकून पाठ केलेल्या मोडक्या इंग्रजीत एउलालिया म्हणाली, "चला. मी येते. मुलगी इथली आहे, तिला त्रास देऊ नका."

"आई, मी आहे गं."

एउलालियाने वर पाहिलं, फाडकन तिच्या गालात मारली आणि तिला घट्ट कवटाळलं. "मेले, हाक मारायला काय झालं होतं तुला!" दोघी रडल्या, मीही रडले.

जेवताना नायेली हळूच म्हणाली, "आई, अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो. या वर्षी राहू दे."

"भर," एउलालिया म्हणाली आणि तिने लेकीच्या ताटात आणखी घेवडा वाढला. जेवण संपेपर्यंत तिने कोट काही काढला नाही.