तंबोऱ्याच्या खोलीसाठी काढलेला अंक

मी एकदा दत्ताला नवस बोलले होते, की शुभाच्या कॉलेजचा संगीताचा अंक निघेपर्यंत दर गुरुवारी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत मौन पाळीन. आमच्या ह्यांनी ते ऐकलं, हातातला पेपर खाली ठेवला आणि देवघराकडे बघून हात जोडले.

"लग्नापासून मागून राहिलो होतो. ऐकलं बाप्पा देवानं!"

आणि वर शुभाला म्हणाले, "अंकाची काही घाई नको करू बेटा!"

तो अंक आमच्याच घरात ठरला, आमच्याच घरात लिहिला गेला. दारात पोरांच्या चपला साठायच्या तशा घरात गोष्टी साठत गेल्या. चपला संध्याकाळी ज्याच्या त्याच्या पायात परत जायच्या. गोष्टी मात्र माझ्याकडेच राहिल्या.

*

आधी अंक कशाला, ते सांगते. शुभा, माझी मुलगी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिचा एक विषय संगीत होता. विषयाला मुलं मोजकीच. प्राचार्यांनी नोटीस लावली : स्नेहसंमेलनापर्यंत संगीत विभागानं काही करून दाखवावं, नाहीतर त्यांची खोली टायपिंगच्या वर्गाला देण्यात येईल. खोली गेली की तंबोरे अडगळीत, आणि तंबोरे अडगळीत गेले की विषय बंद! माझी पोर दोन दिवस नीट जेवली नाही.

गाण्याचा कार्यक्रम करायची सोय नव्हती. गाणं सुरू झालं की प्राचार्यांना झोप लागते, हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक होतं.

शेवटी तोड काढली वत्सलानं. ही शुभाची मैत्रीण भिवापूरची. घरी मिरचीचं शेत, आणि जीभही त्याच पिकातली! म्हणाली, "झोपते तर झोपू दे. पण हातात कागद दिला का तो मानूस खडबडून जागा होते. आपण कागदच देऊ!"

म्हणून अंक.

*

अंक म्हटला की संशोधन आलंच, असं मिलिंदचं म्हणणं. मिलिंद म्हणजे त्यांच्या वर्गातला तबला वाजवणारा मुलगा. त्याचे वडील वस्तीत भीमगीतं गायचे. पोरगा स्वभावानं गरीब, पण एखादी गोष्ट डोक्यात बसली की बसली. तिघं वह्या घेऊन आमच्या नंदनवन वस्तीत घरोघर निघाली. तुमच्याकडे कोण गातं, कोणतं गाणं आईकडून आलं, असं विचारायचं होतं. पण पहिलाच प्रश्न त्यांनी घातला होता, "घरात माणसं किती?"

त्या दिवसांत वही-पेन घेऊन कोणी दारात दिसलं, की लोकांना कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला धरून नेणारे कॅम्पवालेच वाटायचे! आमच्या मागच्या गल्लीतले एक गृहस्थ पोरांना बघताच मागच्या शिडीनं गच्चीवर चढले. त्यांच्या बायकोनं दारातच सांगितलं, "ते नाहीत घरी. मौद्याले गेले."

तेवढ्यात मौदा गच्चीवरून खोकला!

वत्सला अंगणातून ओरडली, "काका, खाली या! आमाले फक्त तुमचं गाणं पाह्यजे!"

वरून उत्तर आलं, "मले गाता येत नाही! आणि माह्यं ऑपरेशन कवाच झालं हाये!"

बायको दोन पावलं अंगणात आली, वर बघितलं आणि म्हणाली, "कवा झालं? मले तं नाही सांगतलं!"

मी त्यांच्या शेजारणीकडे चहाला गेले होते, ते सगळं ऐकलं. पदर तोंडावर धरून घरी आले.

*

मग वरातीच्या बँडवर लेख करायचा ठरला. मिलिंद एका बँडमास्तरांना घरी घेऊन आला. मी पोहे टाकले. मास्तर भले माणूस. प्रश्न विचारले की म्हणायचे, "सांगून समजणार नाही, वाजवूनच दाखवतो." आणि त्यांनी सायकलवर पोरगा धाडून साथीदारांना बोलावून घेतलं.

आमच्या एवढ्याशा अंगणात भर दुपारी अख्खा बँड वाजू लागला! शुभा लिहून घेत होती. मिलिंद तिच्या शेजारी उभा राहून बोटांवर मात्रा मोजत होता.

शेजारच्या जोशीकाकू नारळ आणि खण घेऊनच आल्या. डोळ्यांत पाणी. "आमाले सांगतलं बी नाही वं? इतके का आम्ही परके?"

मी काही बोलणार, तोवर त्यांनी मिलिंदला कुंकू लावून हातात नारळ दिला. "मुलगा छान आहे हो. करतो काय?"

मिलिंदनं नारळ दोन्ही हातांत धरला आणि घाबरून खरं तेच सांगितलं. "काकू, मी मात्रा मोजून राहिलो!"

*

आता माझ्या मौनाचा प्रताप ऐका.

गुरुवार होता. ह्यांची कचेरी, शुभाचं कॉलेज, घरात मी एकटी. दारात बघते तर प्राचार्य! कोणाच्या तरी बारशाला नंदनवनात आले होते, जाता जाता चौकशीला शिरले. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. तोंड बंद.

"शुभाच्या आई ना आपण? अंकाचं कुठवर आलं?"

मला म्हणायचं होतं, आता सगळं दत्ताच्या हाती. म्हणून मी देवघराकडे हात केला आणि हात जोडले.

प्राचार्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे तयार होऊन पूजेत ठेवलाय? वा! फार लवकर झालं!"

मी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही!

"अहो, विनय कशाला एवढा? मुलांनी कष्ट केलेत."

मी दोन्ही हात हलवले. ते म्हणाले, "चहा नको, मी घेऊनच आलोय."

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली : संगीत विभागाच्या अंकाचे प्रकाशन पुढच्या आठवड्यात शनिवारी. तोवर तिघांकडे टिपणांची चळत होती, आणि अंक म्हणावा असं एक पानही नव्हतं!

शुभा रडवेली होऊन आली. "आई, काय सांगितलंस तू त्यांना?"

"अगं, मी एक शब्द बोलले असेन तर शपथ!"

हे आतून म्हणाले, "एवढं तं हिनं बोलून बी कधी बिघडवलं नव्हतं!"

*

तिघांनी शाळकरी पोरांसारखी मान खाली घालून लेख लिहून काढले. आता ते सायक्लोस्टाइलवर छापायचे, तर आधी स्टेन्सिल म्हणजे मेणकागदावर टाईप करायला हवेत. मराठी टायपरायटर गावात शोधायला वेळ नव्हता. जवळ एकाच माणसाकडे होते. टायपिंगच्या ढोके मास्तरांकडे!

म्हणजे ज्यांना ती खोली मिळायची होती, त्यांच्याकडेच!

वत्सला भिवापुरी मिरचीची पिशवी घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. मास्तर कॉलेजच्या व्हरांड्यात वर्ग घ्यायचे. ऊन आलं की यंत्रं सरकवायची, पाऊस आला की झाकायची, अशी त्यांची तऱ्हा. पिशवी बघून म्हणाले, "म्हणजे माह्याच हातानं माह्या खोलीचा घात करू म्हणता?"

"हो जी," वत्सला म्हणाली.

या सरळपणाला मास्तर भुलले, की मिरचीला, देव जाणे! हसले आणि म्हणाले, "द्या इकडं. माह्या पोराईले सराव तं पाह्यजेच. वरसभर नुसते कचेरीचे अर्ज टाईप करून राहिले बिचारे. आता जरा गाणं बी टाईप करू दे."

*

शुक्रवारी स्टेन्सिलं घरी आली. त्यांवरची अक्षरं काही केल्या नीट वाचता येत नव्हती. छापल्यावर काय ते कळतं म्हणे. पण कोऱ्या कागदावर आधी श्री काढल्याशिवाय पुढं जायचं नाही, ही माझ्या माहेरची रीत. ही तर इतकी पानं, आणि एकावरही श्री नाही! मी केसांतला आकडा काढला आणि प्रत्येक स्टेन्सिलच्या डोक्यावर श्री कोरला.

पोरं हात-पाय धुऊन येतात तर माझा कारभार उरकत आलेला. शुभानं कपाळाला हात लावला. मिलिंद मात्र वाकून बघत राहिला. त्याचा लेख त्याच्या वडिलांच्या गाण्यांवर होता, आणि तेवढंच पान उरलं होतं.

"काकू, ह्याच्यावर दुसरं काही काढता का?"

"काय काढू?"

त्यानं सांगितलं. मी आकडा परत केसांवर पुसला आणि त्या पानावर वळणदार अक्षरांत 'जय भीम' काढलं. र्‍हस्व-दीर्घ त्यालाच विचारून घेतलं.

त्याच्या आईनं ते छापलेलं पान पुढं बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी चिकटवलं. मला बोलावून दाखवलं आणि खीर दिली.

*

शनिवारी सकाळी छापलेले गठ्ठे आले. शुभानं पहिलं पान वाचलं आणि मटकन खाली बसली.

ढोके मास्तरांच्या पोरांनी वर्षभर फक्त अर्ज टाईप केले होते ना! त्यांची बोटं त्याच वाटेनं गेली होती.

"महोदय, विषय : राग यमन. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, सदर रागात मध्यम तीव्र लागतो. तरी सदर राग रात्रीच्या पहिल्या प्रहरी गाण्यात यावा, ही विनंती. आपला आज्ञाधारक."

वत्सलाचा लेख होता, "विषय : मिरची तोडताना बाया गात असल्याबाबत." मिलिंदचा, "विषय : वडील रात्रभर गात असल्याबाबत." बँडमास्तरांची मुलाखत तर "योग्य ती कार्यवाही व्हावी" म्हणून संपली होती!

पुन्हा छापायला वेळ नव्हता. शुभा म्हणाली, "आई, गेली आपली खोली." मी तिच्या हातावर साखर ठेवली. दुसरं काय करणार?

सभागृहात मी ह्यांच्या शेजारी मागच्या रांगेत बसले. स्वागतगीत सुरू झालं आणि मंचावर प्राचार्यांची मान खाली गेली. गीत संपलं, अंक त्यांच्या हातात दिला, आणि वत्सला म्हणाली होती तसंच झालं. गृहस्थ खडबडून जागे! चष्मा लावला. संपादकीय शुभाचं होतं. तिनं त्यात खोलीचीच कळकळ लिहिली होती, आणि टायपिंगवाल्या पोरानं ती नीट अर्जात बसवून दिली होती. प्राचार्य एकेक ओळ वाचत गेले, मान हलवत गेले. शेवटी खिशातून पेन काढलं आणि समासात काहीतरी लिहून सही ठोकली. हाताची सवय!

बाजूला बसलेल्या ढोके मास्तरांनी वाकून बघितलं. "मंजूर? काय मंजूर केलं साहेब?"

प्राचार्यांनी शेवटची ओळ परत वाचली, या वेळी माइकसमोर. "तरी संगीताची खोली संगीत विभागाकडेच ठेवण्यात यावी, ही विनंती."

प्राचार्यांनी सही बघितली, पोरांकडे बघितलं आणि पेनाला टोपण लावलं.

"सही झाली. आता माझ्याही हातात काही नाही!"

टाळ्यांच्या गजरात हे माझ्या कानाशी लागले. "दुसरा अंक कवा काढून राहिले वं?"

*

खोली राहिली, पण मास्तर बिचारे व्हरांड्यातच राहिले. सोमवारी शुभा आपणहून त्यांच्याकडे गेली. "मास्तर, अर्धी खोली तुमची." दुपारपर्यंत भिंतीशी तंबोरे आणि खिडकीशी टायपरायटर, असा संसार मांडून झाला.

काही दिवसांनी मी तिळाच्या वड्या घेऊन कॉलेजात गेले. खिडकीखाली पोचले आणि पाय थांबले. आत मिलिंदचा तीनताल चालला होता आणि त्या ठेक्यावर सगळी यंत्रं एका लयीत टकटकत होती. टायपरायटरची ओळ संपत आली की घंटी वाजते ना, ती एकदम, सगळ्यांची, नेमकी समेवर! मधेच एक घंटी मागं पडली, तशी मास्तरांची आरोळी आली, "कोनाची सम चुकली रे? पुन्हा घ्या, 'महोदय'पासून!"

रस्त्याच्या कडेला एक दूधवाला सायकल धरून उभा होता. घंटी झाली की तो डोळे मिटून मान हलवायचा.

मला म्हणाला, "कायचा वर्ग होय हा, बाई?"

"मले बी सांगता येणार नाही, भाऊ."

"मंग उभ्या काहून?"

मी डबा काखेत धरला आणि पुढच्या समेला मीही मान हलवली.

तुम्ही कधी त्या खिडकीखालून गेलात तर जरा थांबा. घंटी झाली की तुम्हीही मान हलवा.