साठ किलोंचा नवस

ओतिलिया बेरुमेन आमच्या जीन्सच्या कारखान्यात पँटला कमरपट्टा बसवायच्या मशीनवर काम करते. मी त्याच कारखान्याच्या खरेदी विभागात आहे. मेक्सिकोतल्या गोमेझ पालासिओत आमची घरे एकाच गल्लीत समोरासमोर आहेत. तिच्या मुलाच्या, एफ्रेनच्या बाप्तिस्म्याला त्याला हातात धरून उभा राहिलो तो मी, त्याचा धर्मपिता. त्या नात्याने ती मला कोंपाद्रे म्हणते आणि मी तिला कोमाद्रे. बावीस वर्षे झाली तरी आम्ही एकमेकांना अहो-जाहोच करतो.

चव्वेचाळिसाव्या वर्षी तिचे वजन एकशे बत्तीस किलो होते. खाणे फार होते असेही नाही. दुपारी ती इतर बायांइतकेच खायची, पण दिवसभर बसून काम, घरी आल्यावर थकवा, आणि दर वर्षी चार किलोंची भर. तिची थोरली बहीण साखरेने गेली. त्याआधी बहिणीचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता आणि शेवटची दोन वर्षे ओतिलियानेच तिचे सगळे केले. त्यामुळे स्वतःच्या रक्तात साखर निघाली तेव्हा ती घरी येऊन रडली नाही. माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "कोंपाद्रे, पाय मोजून घ्या. आज दोन आहेत."

वजन उतरावे म्हणून शस्त्रक्रिया करून पोटाला पट्टी बसवायची असे ठरले. तिचा नवरा रोगासियानो मालट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस सरहद्दीच्या रस्त्यावर असतो. म्हणून पहिल्या भेटीला मी बरोबर गेलो. डॉक्टर सारिन्याना ही चाळिशीची, थोडी रुक्ष वाटणारी बाई. तिने कागदावर पोटाचे चित्र काढले, वरच्या बाजूला पट्टी काढली. पट्टीला एक नळी आणि नळीच्या टोकाला कातडीखाली बसवायची एक लहान डबी. तीत सुईने पाणी घातले की पट्टी आवळते, काढून घेतले की सैल होते.

"पट्टी घास लहान करते," डॉक्टर म्हणाली. "काय खायचं ते तुम्हीच ठरवणार. दोन-तीन वर्षांत तीस-पस्तीस किलो जातील. त्यातले थोडे परत येतील, त्याला घाबरायचं नाही. दहा वर्षांनी पंचवीस जरी कमी राहिले तरी मी खूश असेन."

"साठ नाही जाणार?"

"एखाद्याचे जातात. लॉटरीही एखाद्याला लागते."

ओतिलियाने मान हलवली. मला वाटले, समजले तिला.

परत येताना तिने गाडी चर्चपाशी थांबवायला लावली. आमच्याकडे नवस बोलायचा तो सान हुदास या संताला, कारण अशक्य कामे त्याच्याकडे. ती त्याच्या मूर्तीपुढे गेली आणि खड्या आवाजात बोलली की साठ किलो वजन उतरू दे, साखर जाऊ दे; दर ऑक्टोबरला तुझ्या नावाने रेलिकिया घालीन, जितके किलो उतरतील तितके किलो डुकराचे मांस शिजवीन, आणि तिसऱ्या वर्षी साठ.

रेलिकिया म्हणजे दारात मोठमोठ्या कढया चढवून लाल मिरचीतले मांस आणि त्याबरोबर सात तऱ्हेच्या शेवया शिजवायच्या, आणि जो कोणी भांडे घेऊन येईल त्याचे भांडे भरायचे. ओळख विचारायची नाही.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "कोमाद्रे, डॉक्टर तीस म्हणाली."

"तीस तर डॉक्टरच देतेय. तेवढ्यासाठी त्याला कशाला उठवायचं?"

हा आमच्याकडचाच विचार आहे आणि तेव्हा मलाही तो पटला, हे कबूल करतो. अशक्य कामांच्या संताकडे शक्य असलेले मागणे म्हणजे त्याचा अपमानच. ओतिलिया आत नवस बोलत होती तेव्हा शेजारच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावायला दोन्या कुका आली होती. आमच्या गल्लीत जपमाळेच्या वेळी प्रार्थना सांगते ती हीच. तिने ऐकले, म्हणजे संध्याकाळपर्यंत गल्लीने ऐकले.

पट्टी बसवल्यानंतरच्या पहिल्या ऑक्टोबरला चोवीस किलो मांस शिजले. खाटकाकडे जाऊन मांस तोलून आणायचे काम माझ्याकडे होते. ओतिलिया पळी घेऊन कढईपाशी तीन तास उभी राहिली; आधी ती अर्धा तासही उभी राहू शकत नसे. साखरेची गोळी अर्धी झाली होती. दुसऱ्या वर्षी पस्तीस. गोळी बंद. त्या वर्षी रांग कोपऱ्यावरच्या टायरवाल्यापर्यंत गेली. दोन्या कुका आपले भांडे पुढे करून म्हणाली, "ए बाई, अशीच वाळत राहा. आमची चंगळ आहे."

"पुढच्या वर्षी मोठं भांडं आणा, दोन्या कुका. साठ आहेत."

ते तिने म्हणायला नको होते. पण रांगेत सगळे हसले आणि तीही हसली.

त्यानंतर वजन थांबले. डॉक्टरने सांगितलेलेच घडत होते, पण ओतिलियाच्या डोक्यात साठाचा आकडा होता आणि हाताशी एकच वर्ष. तिने पट्टी आणखी आवळायला सांगितली. डॉक्टर म्हणाली, आहे ती बरोबर आहे. तेव्हा ती कुणालाही न सांगता नदीपलीकडे तोर्रेओनला एका दवाखान्यात गेली. तिथल्या माणसाने फार चौकशी न करता सुई टोचली आणि पाणी वाढवले. दोन महिन्यांनी पुन्हा वाढवले.

जूनपासून ती दुपारी मशीनवरच्या बायांबरोबर जेवायला बसेनाशी झाली. जेवण सुरू झाले की तोंडावर रुमाल धरून उठायची. एकदा कापडाच्या गुदामामागे ती मला एकटीच बसलेली दिसली. हातात थर्मास होता, त्यात बकरीच्या दुधाची आटवलेली मिठाई दुधात कालवून पातळ केलेली.

"हे काय, कोमाद्रे?"

"हे उतरतं. मांस नाही उतरत, रोटी नाही उतरत, सफरचंदसुद्धा नाही. हे उतरतं."

"यात नुसती साखर आहे."

"मग काय उपाशी राहू?"

पट्टी फार आवळली की असे होते, हे मला नंतर समजले. चावून खायचे अन्न अडते, गोड आणि पातळ ते सुळकन जाते, आणि माणूस उपाशी राहून जाड होतो.

सप्टेंबरच्या शेवटी तिने मला घरी बोलावले. स्वयंपाकघरात टेबलावर सुक्या मिरच्यांचे पोते उघडे होते आणि ती देठ काढत बसली होती.

"खाटकाला साठ किलो सांगून ठेवा."

"साठ उतरले?"

"ऑक्टोबरपर्यंत बघू."

"आज किती आहेत?"

तिने दोन-तीन मिरच्यांचे देठ काढले. "एकतीस."

"मागच्या वर्षी पस्तीस होते."

"मला मोजता येतं, कोंपाद्रे. रोज शेकडो कंबरा मोजते मी."

 मग तीच बोलू लागली, माझ्याकडे न बघता. "बहिणीनं पायासाठी नवस बोलला होता. बरं वाटल्यावर म्हणाली, पुढच्या वर्षी फेडू. पुढच्या वर्षी पाय गेला. माझी साखर संतानं नेलीय. मी साठ बोलले आणि एकतीस घातले, तर तो म्हणेल, घे तुझी साखर परत. गल्ली हसेल ते हसू दे. मला पाय हवेत."

"पण उतरले एकतीस आणि घातले साठ, तर ते त्याला कळणार नाही का?"

"तुम्ही खाटकाला सांगा हो."

मी सांगतो म्हणालो. पण सांगितले नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी खोट्या आकड्यावर खरेदीचा कागद काढलेला नाही, आणि हा तर संताच्या नावाचा होता. दोन आठवडे मी रोज उद्यावर ढकलत राहिलो.

सान हुदासच्या सणाच्या दहा दिवस आधी रविवारी तिने मिरचीच्या वाटणाची चव बघायला थोडे मांस शिजवले. दर वर्षी ती एक तुकडा तोंडात टाकून मीठ बघते, त्या सवयीने टाकला. चार वाजता एफ्रेनने मला हाक मारली. मी गेलो तेव्हा ती खुर्चीत पुढे वाकून बसली होती आणि हातातल्या मगात थुंकत होती. तीन तास झाले होते. पाण्याचा घोटही परत येत होता, आणि आता स्वतःची लाळसुद्धा गिळता येत नव्हती.

आम्ही तिला दवाखान्यात नेले; डॉक्टर सारिन्याना रविवार असूनही आली. तिने पोटावरची डबी चाचपली, सुई घातली आणि पाणी ओढून घेतले. मग ओढलेल्या पाण्याकडे बघत विचारले, "हे एवढं कुणी भरलं?"

ओतिलिया रुमालाने तोंड पुसत राहिली. थोड्या वेळाने तिला कपभर पाणी दिले. पहिला घोट खाली गेला तसे तिने डोळे मिटून घेतले.

डॉक्टरने रक्त तपासायला पाठवले, काट्यावर उभे केले, जुने कागद काढले. "एकतीस किलो कमी, तिसरं वर्ष संपत आलंय. साखर ठीक आहे, पण थोडी चढायला लागलीय, आणि ती कशानं हे तुम्हाला ठाऊक आहे. मी पहिल्या दिवशी काय म्हणाले होते?"

"तीस-पस्तीस."

"मग बिघडलं कुठं?"

ती सांगेना, म्हणून नवसाची गोष्ट मी सांगितली. डॉक्टर हसेल असे मला वाटले होते. ती हसली नाही. तीही इथलीच.

"माझी आईसुद्धा रेलिकिया घालते," ती म्हणाली. "पण बाई, पट्टी बसवली मी. तिच्याकडून किती होतं ते मला माहीत. साठ तिच्या आवाक्यात नाहीत, आज नाहीत आणि पाच वर्षांनी नाहीत. तुम्ही माझ्या पट्टीच्या जोरावर शब्द दिलात आणि मला विचारलं नाहीत."

"मी संताला विचारलं."

"तो काय म्हणाला?"

ओतिलियाने हातातला कप खाली ठेवला. "काही नाही म्हणाला."

"मी मात्र बोलले होते. ते तुम्ही ऐकलं नाहीत. आता ऐका. काटा दोन-तीन किलो वरखाली होत राहील, आयुष्यभर. पट्टी सैलच राहील. सावकाश खायचं, चावून खायचं. थर्मास बंद. पाय राहावेत म्हणून हे सगळं केलंत ना? मग ते एकतीस सांभाळा. सांभाळणं हेच अवघड आहे, उतरवण्यापेक्षा."

परतीच्या वाटेवर चर्च मागे पडले. तेव्हा ती म्हणाली, "खाटकाला सांगितलंत साठ?"

"अजून नाही."

"मला वाटलंच." मग काही वेळाने, "एकतीस सांगा."

सणाच्या दिवशी पहाटे लाकडे पेटली. रोगासियानो आदल्या दिवशी आला होता, त्याने कढया चढवल्या. दोन कढया. तीन आणायच्या ठरल्या होत्या आणि तिसरीसाठी रचलेल्या विटा तशाच राहिल्या होत्या, त्यामुळे रांगेत उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने त्या बघितल्या. जपमाळ झाली. आमच्या गल्लीत पहिली पळी भरायच्या आधी नवस कशाचा ते घालणाऱ्याने सगळ्यांसमोर सांगायचे असते. दोन्या कुकाने जपमाळ खिशात टाकली आणि म्हणाली, "बोल ओतिलिया."

ओतिलिया दारात मांडलेल्या सान हुदासच्या मूर्तीकडे तोंड करून उभी राहिली. हात मिरचीने लाल झाले होते.

"मी साठ बोलले होते. एकतीस उतरले."

रांगेतून कुणी तरी म्हणाले, "म्हणजे अर्धेच की."

"अर्ध्याला एक वर," टायरवाला म्हणाला. दोघे-तिघे हसले.

तिने मागे बघितले नाही. "राहिलेले एकोणतीस मला जमणार नाहीत. पुढच्या वर्षी नाही आणि नंतरही नाही. हे याला मी सगळ्यांसमोर सांगते, म्हणजे मी उद्यावर ढकललं असं व्हायला नको. मी जे मागितलं ते माझ्या पोटाला झेपणारं नव्हतं. चूक माझी. साखर नेलीस, पाय ठेवलेस, तेवढं तसंच राहू दे. जेवढे किलो मी राखीन तेवढे दर वर्षी घालीन. कमी झाले तर कमी घालीन, पण खरे घालीन."

 रोगासियानो विस्तवाकडे बघत होता. दोन्या कुका प्रार्थना सांगताना कधी अडत नाही, पण आता पुढचे काय म्हणायचे ते तिला सुचेना. शेवटी ती म्हणाली, "बरं. नवस ऐकला. पळी उचल, रांग खोळंबलीय."

दोन कढया दीड तासात रिकाम्या झाल्या. शेवया उरल्या होत्या. ओतिलियाने एका बशीत चमचाभर शेवया आणि नखाएवढे मांसाचे चार तुकडे आधीच बाजूला ठेवले होते. ती खुर्चीवर बसली, एक तुकडा तोंडात टाकला, काटा खाली ठेवला आणि चावत राहिली. एफ्रेन घड्याळ बघत होता. तिने त्याला हाताने दूर व्हायला सांगितले. दुसरा तुकडाही गेला. तिसरा तिने खाल्ला नाही.

दोन्या कुका प्रार्थनेमुळे नेहमी रांगेत शेवटी. ती आली तेव्हा तिच्या भांड्यात नुसत्या शेवया पडल्या. तिने भांडे हलवून बघितले.

"मांस नाही?"

"संपलं, दोन्या कुका."

"तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या भांड्यात मांस नाही." मग भांड्यावर झाकण ठेवत, "पुढच्या वर्षी किती?"

"काटा सांगेल तेवढं."

"आणि अठ्ठावीस सांगितलं तर?"

"तर रांगेत लवकर या," ओतिलिया म्हणाली, आणि उठून कढई घासायला लागली.