मामांचं जर्मन गाणं

पेणपासून रोह्यापर्यंतच्या मुलखात जर्मन गाणं गाणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला, हा माझ्या पत्रिकेचा दोष. मामा रोह्याच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथं बॉयलर बसवायला आलेल्या जर्मन इंजिनिअरनं जाताना सगळ्यांना चॉकलेटं वाटली. मामांनी मात्र त्याच्याकडून एक गाणं शिकून घेतलं, वर त्याची कॅसेटही ठेवून घेतली. एकट्या गळ्याचं आणि पियानोचं गाणं. आमच्याकडे पियानो असायचा तो कॅलेंडरावर, म्हणून मामींना भजनातल्या पेटीवर बसवलं. त्या माउलीनं कॅसेट ऐकून ऐकून सगळं बोटांत उतरवलं, आणि मग दरवर्षी पेणला आमच्या आळीच्या गणपतीपुढे, पोरींच्या नाचानंतर आणि आरतीच्या आधी, ते गाणं होऊ लागलं.

थंड मुलखातलं गाणं म्हणून मामा भाद्रपदाच्या उकाड्यात गळ्याला मफलर गुंडाळत. रियाज कामावर जाताना एसटीत. एका नव्या कंडक्टरनं वाटेत गडब गावाला गाडी थांबवून त्यांना लिंबूपाणी पाजलं होतं. मामांनी ते पिऊन पुढचं कडवं घेतलं.

गाण्यातला माणूस बोटीनं परगावी निघतो. धक्क्यावरच्या बाईला काहीतरी सांगायचं असतं, ते न सांगताच गप्प होतो. "माणूस गप झाला तरी गाणं हाय. उरलेलं पेटी सांगते," असं मामा दरवर्षी बजावत. पण आमच्याकडे बुवांचं तोंड मिटलं की भजन संपतं. मामांचा शेवटचा शब्द पडायचा अवकाश, लोक उठत, झांजा वाजू लागत आणि मामींचं वाजवणं आरतीत बुडून जाई. ते एकदा तरी लोकांनी पुरतं ऐकावं, एवढाच मामांचा हट्ट. एका वर्षी गाऊन झाल्यावरही त्यांनी तोंड उघडंच ठेवलं. मंडळाच्या अध्यक्षांना वाटलं शब्द विसरले, म्हणून त्यांनी धीर द्यायला टाळ्यांचा ठेका धरला. पुढच्या वर्षी मामांनी झांजाच लपवल्या. आरती ताट-चमच्यांवर झाली. मामी पेटी मिटून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. देवानं ऐकलं आसंल." मामांना तेवढा भरवसा नव्हता. देवही आरतीचीच वाट बघत असावा, असा त्यांना संशय होता.

मामी गेल्या त्या वर्षी मामा मंडपाकडे फिरकले नाहीत. पुढच्या वर्षी आले. मिटलेली पेटी शेजारी ठेवून गायले. आवाज थकला होता, वरच्या सुराला तर ते लांबूनच नमस्कार करून आले. शेवटचा शब्द पडला. सवयीनं झांजा उचलल्या गेल्या, पण वाजली एकही नाही. मामा पेटीकडे बघत बसून राहिले, मामींना उरलेलं वाजवायला लागायचा तेवढा वेळ. त्यांना सगळं ऐकू येत असावं. आम्हाला काहीच येत नव्हतं, आणि मला मामींची फार आठवण आली. मग त्यांनी मान वर केली आणि अध्यक्षांना म्हणाले, "आता झालं. घ्या आरती."