कळंबोलीतलं एक बाद मत

मिरजेची एसटी सकाळी आठला कळंबोली सर्कलवर थांबली. एका हातात बॅग आणि दुसऱ्यात टेबल लॅम्पचं खोकं घेऊन मी उतरलो. समोर ट्रकच ट्रक; सळ्यांनी भरलेले, रिकामे, चाकं काढून ठेवलेले. त्यांच्यात मी चर्चचा मनोरा शोधू लागलो.

लोखंड बाजारात अर्धा तास चकरा मारून शेवटी कोपऱ्यावर मासळी विकणाऱ्या आगरी मावशींना विचारलं.

"मनोरा? क्रेन हाय, ती चालंल?" माझ्याकडे नीट बघून त्या म्हणाल्या, "मास्तराकरं आलाव नं? तो सल्यांचा गाला (गाळा) दिसतंय, त्याचे माडीवर जा. मागं माज्याकरशी निवट्यांचा (खाडीच्या चिखलातला मासा) नाव पन लिवून घेतलाय त्यानं. इकत तं एक नाय घेतला!"

हे मास्तर म्हणजे आमचे गायकवाड सर; निवृत्तीनंतर इथंच असतात. पाळक घडवणाऱ्या बॅप्टिस्ट सेमिनरीत त्यांनी तीसेक वर्षं हिब्रू आणि ग्रीक शिकवलं. परदेशातून बोलावणी आली, पण "माझी पोरं नापास होतायत, त्यांना टाकून कुठं जाऊ?" म्हणत ते हलले नाहीत. पोरं म्हणजे मुख्यतः मी. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात. मी पहिलं अख्खं सत्र डावीकडून वाचली, आणि वर तिचा अर्थही लावला. तीनदा नापास झालो. चौथ्या खेपेला सरांनी अख्खी उन्हाळ्याची सुट्टी आपल्या ओट्यावर मला घेऊन बसण्यात घालवली. पास झाल्यावर म्हणाले, "पाळक मात्र होऊ नकोस, मंडळीनं तुझं काय वाईट केलंय? शाळेत शिकव. न समजणं म्हणजे काय असतं, ते तुला चांगलं ठाऊक आहे."

त्या एका वाक्यावर मी मिरजेच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. यंदा निवृत्त झालो, तेव्हा लक्षात आलं की सरांचे आभार मानायचे राहूनच गेलेत.

माडीवर चर्च म्हणजे एकच खोली होती; सर तिथं प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. मी लॅम्प दिला. त्यांनी तो बोटांनी चाचपला. "छान आहे. रंग कुठला?"

"पिवळा," मी म्हणालो. त्यांची लेक शीला मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, वर्ष झालं, बाबांना अक्षर दिसत नाही. इथला रविवारचा बायबलचा वर्ग बंद करा, असा ठराव आज ते स्वतःच मांडणारेत. वर्ग गेला तर काय करतील हो? असेच बसून राहतील खुर्चीत."

बॅप्टिस्टांत वर कोणी बिशप नसतो. मंडळीचे, म्हणजे चर्चचे, निर्णय सभासद हात वर करून घेतात. उपासना संपली, सभा सुरू झाली. रात्रभराचा प्रवास आणि वरून दोन वडापाव. मागच्या बाकावर माझा डोळा लागला. जागा झालो तेव्हा दारात एक जण किटली घेऊन उभा होता आणि पुढून कोणी म्हणत होतं, "हात वर करा."

मी केला. चांगला उंच.

अख्ख्या माडीवर माझा एकट्याचाच हात; सरांचेही दोन्ही मांडीवर.

"पाहुणे," अध्यक्ष पवारभाऊ म्हणाले. त्यांचे चार ट्रक आहेत. "तुमी वर्ग बंद करायच्या बाजूनं?"

"नाही हो, मी चहाच्या बाजूनं."

हशा पिकला. "कोण आहे तो?" सरांनी विचारलं.

"तुमचा विद्यार्थी, मिरजेचा," शीला म्हणाली.

"मग बरोबर. चौथ्यांदा नापास."

"सर, ठराव पडला," पवारभाऊ म्हणाले. "तुमच्याकडून एकच मत, ते पण पाहुण्याचं. बाद."

सर उठले. "अरे, मला अक्षर दिसत नाही. न वाचता शिकवू कसं?"

ड्रायव्हर लोकांना डबे देणाऱ्या सुमनताई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "तुमी कधी वाचलंत, सर? वाचतो आमीच. तुमी नुसते विचारून विचारून जीव घेता. त्याला डोळे कशाला लागतात?"

सरांनी रुमाल काढून चष्मा पुसला, जो आता उगीचच नाकावर होता. "मंडळीचा निर्णय. मोडता येत नाही. चला, पाहुणा वाचेल."

मी बायबलमधली एक गोष्ट वाचू लागलो. चौथ्या ओळीला सरांनी थांबवलं. "हा माणूस इथं गप्प का झालाय?"

पाच जणांनी पाच उत्तरं दिली. मला एकही सुचलं नाही.

निघताना मी त्यांचा हात धरला. "सर, तुमच्यामुळे..."

"उत्तर सापडलं?"

"नाही."

"मग जा, शोध."

परतीची एसटी घाटात शिरली, तेव्हा एकदम काहीतरी सुचलं. तिथूनच फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"चूक," ते म्हणाले. "पण विचार केलास. पुढच्या रविवारी परत सांग."

साठीला टेकलेल्या माणसाला "चूक" म्हणणारं कोणी सहसा उरत नाही. मला अजून आहे. मिरज येईपर्यंत मी दुसरं उत्तर जुळवत होतो.