खलनायकाचं स्थळ

अख्ख्या भंडारा जिल्ह्यात माझ्या आतेभावाइतका भित्रा माणूस सापडायचा नाही, आणि त्याच्याइतके शिव्याशाप खाल्लेला माणूसही सापडायचा नाही. दिवाळीनंतर धान घरात आलं, की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात आणि त्यांत हा वर्षानुवर्षं खलनायक असतो. त्याचा दोष एवढाच, की देवाने त्याला जाड भुवया, तांबारलेले डोळे आणि घुमणारा आवाज दिला. एरवी तो आसगावला शेती करतो, आणि तिथे कोंबडीसुद्धा त्याच्या अंगावर धावून जाते. घरात कोणी जरा चढ्या आवाजात बोललं, की हा पाण्याचा तांब्या घेऊन मध्ये उभा. प्रसिद्धी मात्र दांडगी. साकोलीच्या बसमध्ये एका म्हातारीने त्याला ओळखलं आणि "बायकोले छळतं काय रे मुडद्या!" म्हणत भाजीची पिशवीच हाणली. ह्याने "चुकलं माय" म्हणून सांडलेली वांगी गोळा केली आणि उतरताना पिशवी खाली नेऊन दिली.

त्याला खरा घोर होता लग्नाचा. फोटो गेला, की मुलीकडचे ओळखायचे आणि बोलणं तिथेच खुंटायचं. त्याने मिशी काढली, गोरं होण्याचं मलम लावलं, आरशासमोर गोड हसण्याचा सराव केला. ते हसू तर मूळ चेहऱ्याहून भयंकर दिसायचं. एकदा मला म्हणाला, "दादा, लोकं मले पायतच नाहीत, नाटकातल्यालेच पायतात. अन् आता मलेबी भेव वाटते, खरा तोच असन तर?"

मग नाकाडोंगरीचं स्थळ आलं. मी सोबत होतो. वाटेत दोनदा गाडी थांबवून "वापस जाऊ" म्हणाला. पोह्यांची बशी हातात आली तेवढ्यात मुलीची आजी बाहेर आली, त्याच्याकडे टक लावून बघितलं आणि ओरडली, "हा तं तोच! बायकोले घराबाहेर काढणारा!"

अहो, ते नाटक होतं, असं मी म्हणणार, एवढ्यात हा उठला, हात जोडले. "बरोबर हाये आजी. तोच मी. येतो." आणि चपला शोधू लागला.

"थांबा," दारातून मुलगी म्हणाली. "आजी, ते नाटक मी पुढं बसून पायली हाये. बायकोवर हात उचलला तवा ह्यायचाच हात लटलट कापून राहिला होता. हा माणूस कधी कोणाले मारला नसन."

आमच्या खलनायकाचा चेहरा पांढराफटक पडला. "दिसलं काय ते?" त्याने घाबरून विचारलं. "मांगच्या लोकायलेबी?"

ती खुदकन हसली. लग्न झालं.

आता त्यांना चार वर्षांची मुलगी आहे. "बाबा, तुमी नाटकात काय बनता?" असं तिने विचारलं, तेव्हा हा म्हणाला, "पडदा वढतो, बाई." पण यंदा प्रयोग आसगावातच आहे आणि पोरगी पुढच्या रांगेत बसायचा हट्ट धरून बसली आहे. बायको म्हणते, येऊ द्या. ह्याचं जेवण सुटलंय.

काल त्याचा फोन आला.

"दादा, पोरगी भेली तर?"

"भेली तर उचलून घे," मी म्हटलं.

"मेकअप पुसून, का तसाच?"