पपनसाची फोड

मला रक्ताचा कॅन्सर आहे. क्रॉनिक. म्हणजे रोज जेवणावर एक गोळी घ्यायची, अधूनमधून परळला जाऊन रक्त तपासायचं आणि जगायचं. पहाटे पोटऱ्यांत गोळे येतात, दुपारी अंगातलं बळच सरतं. गोळीच्या सुजेने गाल वर येतात, आणि बायका म्हणतात, "तब्येत छान झालीय हं!" डोंबल तुमचं!

पण आजाराचं राहू दे. मला माझ्या मोठ्या जावेबद्दल सांगायचंय.

आमच्या घरचा गणपती नायगावच्या चाळीत, थोरल्या दिरांच्या खोलीत बसायचा. लग्न होऊन आल्यापासून नैवेद्याचे मोदक माझे. सासूबाईंनीच तसं ठरवून दिलं होतं, कारण माझा मोदक कधी फुटला नाही. त्या गेल्या आणि मागोमाग माझा आजार निघाला. मी विश्वासाने एकट्या जावेला सांगितलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या माळ्याला कळलं.

त्या चतुर्थीला सकाळीच आंघोळ करून गेले, तर उकडीची परात तिच्या पुढ्यात.

"तू बस गो," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "तुझं रक्तच बिघडलेलं. देवाच्या नैवेद्याला तो हात नको."

नवरा माझ्या कानाशी पुटपुटला, "जाऊ दे ना." त्याचा जन्म जाऊ दे म्हणण्यातच गेला.

आरती झाल्यावर तिने प्रसादाचं ताट फिरवलं. माझ्या हातावर पपनसाची फोड ठेवायला लागली. मी हळूच म्हटलं, "वहिनी, मला पपनस चालत नाही. गोळीचा अंमल नको तितका वाढतो, डॉक्टरांनी बजावलंय."

"काय? मोठ्यानं सांग, पाहुण्यांना ऐकू दे."

सांगितलं मोठ्यानं. "बाप्पापेक्षा तुझा डॉक्टर मोठा? एकेक नाटकं!" म्हणाली आणि हसली. तिच्यामागून बाकीचे हसले. मी गॅलरीत जाऊन रडले. दुःखाने नव्हे, संतापाने. तिथेच ठरवलं, मरायचं नाही. मुलांसाठी-बिलांसाठी नाही, हिच्या नाकावर टिच्चून जगायचं.

आणि जगले. दर चतुर्थीला नवी साडी नेसून जायचे, तिचे फुटके मोदक खायचे आणि भरल्या पंगतीत म्हणायचे, "वहिनी, सारण पाण्यात काय सुरेख उतरलंय!" ती तोंड फिरवायची. माझं पोट तिथेच भरायचं.

चाळ पाडली, टॉवर उभा राहिला, गणपती लिफ्टने वर गेला. मोदक अजून तिचेच. मग यंदा गणपतीच्या आधी तिच्या सुनेचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "काकी, आईंना कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झालीय. आणि डॉक्टरांनी त्या गोळीवर पपनस बंद केलंय, बोला!"

फोन ठेवून मी ओट्याशी एकटीच हसत सुटले. दादरच्या मार्केटमध्ये जाऊन चांगलं जड, रसरशीत पपनस आणलं. चतुर्थीला तिच्याच स्वयंपाकघरात बसून सोललं. मला तर खायचं नव्हतंच.

आरती झाली. ताट मी उचललं आणि पहिली तिच्याकडे गेले.

"वहिनी, प्रसाद."

"नको गो."

"अगंबाई! बाप्पाच्या प्रसादाला नको?"

ती काहीतरी पुटपुटली.

"काय? मोठ्यानं सांगा, पाहुण्यांना ऐकू दे."

तिने माझ्याकडे बघितलं. आठवलं तिला, सगळं आठवलं. "मला चालत नाही," ती म्हणाली, मोठ्यानं. कुणी हसलं नाही. एवढीच माझी हौस राहून गेली. फोड तिच्या तोंडात कोंबण्याइतकी काही मी दुष्ट नाही. ती ताटात परत ठेवली.

मी भांडी आवरत होते, तर ती मागे येऊन उभी राहिली. म्हातारी दिसली एकदम.

"आयुष्यभर काय गो?" तिने विचारलं. "रोज घ्यायची?"

हाच प्रश्न घेऊन मी पहिल्यांदा तिच्याकडेच गेले होते. 'सवय होते', एवढंच कुणीतरी म्हणावं म्हणून तडफडत होते. आणि होते सवय. मला चांगलं माहीत आहे.

"हो," मी म्हटलं. "आयुष्यभर."

आणि पदर खोचून उद्याच्या नैवेद्याच्या मोदकांसाठी पिठीचा डबा माझ्याकडे ओढला.